सुलतानाची डाक आणि इब्न बतूताचे घर

वाचकहो, आपल्या समाजातील पुष्कळ घरांत दरवर्षी जून-जुलै महिन्यांत एक प्रसंग घडतो. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण होते आणि पुढील शिक्षणासाठी नागपूरला, पुण्याला अथवा त्याहूनही दूर जाते. पहिल्या रात्री आई फोन हातात धरून बसते. पोहोचल्याचा आणि जेवल्याचा निरोप कानी पडला की मग तिचा डोळा लागतो. तुमच्यापैकी जे आज आजोबा-आजी झाले आहेत त्यांनी हीच वाट पोस्टमनच्या सायकलीच्या घंटीकडे कान लावून पाहिली आहे. निळे आंतर्देशीय पत्र आले की ते घरातील शिकलेल्या मुलाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हा वैनगंगेच्या काठी पवनी, गोसीखुर्द, भंडारा या सर्व भागांत नेम होता.

आज मी तुम्हाला घरून निघालेल्या अशाच एका मुलाची हकीकत सांगणार आहे. त्याला जग इब्न बतूता या नावाने ओळखते. त्याच्या प्रवासाची लांबी, त्याने पाहिलेली शहरे आणि राजे यांच्याविषयी तुम्ही शालेय पुस्तकांत थोडेफार वाचले असेल. मला मात्र त्याच्या चरित्रातील टपालाचा धागा हाती धरायचा आहे. आपल्या दौलताबादपर्यंत पोहोचणारी, त्या काळी आश्चर्य वाटावे अशी वेगवान डाक त्याने डोळ्यांनी पाहिली आणि तिचे वर्णन जगासाठी लिहून ठेवले. त्या डाकेने त्याच्या घरची एकही बातमी त्याला आणून दिली नाही.

इब्न बतूताचा जन्म उत्तर आफ्रिकेच्या टोकावर, मोरोक्को देशातील टँजियर या बंदरात, फेब्रुवारी १३०४ मध्ये झाला. त्याचे मूळ नाव मुहम्मद, वडिलांचे नाव अब्दुल्ला. घराणे बर्बर वंशाचे आणि काझींचे. मालिकी पंथाचा कायदा शिकणे हे त्या घरात वंशपरंपरेने चालत आले होते, त्यामुळे मुहम्मदचे शिक्षणही त्याच वळणाने झाले. १४ जून १३२५ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजच्या यात्रेसाठी एकटाच घराबाहेर पडला. सोबतीला मित्र नाही, काफिला नाही. आईवडील दोघेही हयात होते, आणि त्यांचा वियोग त्याला किती जड गेला हे त्याने म्हातारपणीही लपवले नाही. हजला जाऊन दोनतीन वर्षांत परत येऊ, असे त्याला आणि त्यांनाही वाटले असणार. तो परतला चोवीस वर्षांनी.

विद्यार्थी मित्रांनो, या जगप्रसिद्ध मुसाफिराचे पहिले पाऊल कसे पडले ते ऐका. ट्युनिस शहराच्या वेशीवर लोक काफिल्यातील आपापल्या ओळखीच्या माणसांना सामोरे आले. सलाम, आलिंगने, विचारपूस सुरू झाली. या मुलाला मात्र तेथे कोणीच ओळखत नव्हते, त्यामुळे कोणी सलाम केला नाही. त्याला रडू आवरेना. एका यात्रेकरूच्या ते ध्यानात आले, तो जवळ आला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. वसतिगृहातील पहिला आठवडा ज्यांनी उशीत तोंड खुपसून काढला आहे त्यांना याहून अधिक काही सांगायला नको.

पुढे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे त्याला शेख बुरहानुद्दीन नावाचे एक सत्पुरुष भेटले. या तरुणाला प्रवासाची ओढ आहे हे त्यांनी ताडले आणि त्याच्यावर एक काम सोपविले. हिंदुस्तानात फरीदुद्दीन, सिंधमध्ये रुक्नुद्दीन आणि चीनमध्ये बुरहानुद्दीन असे त्यांचे तीन धर्मबंधू राहत होते. त्या तिघांना त्यांचा सलाम पोहोचवायचा होता. इब्न बतूताच्या मनात तोवर हिंदुस्तान किंवा चीन हे देश आलेही नव्हते. तो चकित झाला, पण ते शब्द मनात राहिले, आणि पुढील वर्षांत त्याने तिन्ही ठिकाणी सलाम पोहोचविल्याचे नमूद करून ठेवले आहे. सामान्य माणसाचे टपाल त्या काळी हेच होते. कोणी त्या दिशेने निघालाच तर त्याच्या तोंडी निरोप द्यायचा आणि अल्लाहवर हवाला ठेवायचा. एक सलाम चीनला पोहोचायला वीस वर्षे लागली तरी तक्रार करायची नाही.

१३२६ मध्ये त्याचा पहिला हज झाला. त्यानंतर इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, कॉन्स्टँटिनोपल, व्होल्गेच्या काठची मंगोल राज्ये, बुखारा आणि समरकंद असे करीत तो हिंदुकुश ओलांडून सिंधू नदीच्या काठी आला. या भागातील एकेक मुक्काम सांगत बसलो तर स्मरणिकेची पाने पुरायची नाहीत. सिंधूचा काठ मात्र सोडता येणार नाही. हिजरी ७३४ च्या मुहर्रमची पहिली तारीख, म्हणजे १२ सप्टेंबर १३३३.

नदी ओलांडताच सुलतानाचे खबरनवीस हजर झाले. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा सुलतान मुहम्मद बिन तुघलक होता. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक माणसाची तपशीलवार नोंद करून ती दिल्लीला धाडण्याचा त्याचा हुकूम होता. माणूस दिसतो कसा, कपडे कोणते, बरोबर सोबती, नोकर आणि जनावरे किती, बसतो-उठतो कसा, खर्च कसा करतो, सारे काही त्यात यायचे. मुलतानच्या सुभेदाराकडे हा कागद जाई आणि तेथून सुलतानाकडे. उत्तर येईपर्यंत पाहुण्याने मुलतानातच थांबायचे. कायमचे राहायला आलो आहोत असे लिहून दिल्याखेरीज पुढे जाऊ देत नसत, आणि इब्न बतूतानेही काझी आणि साक्षीदारांसमोर तसे लिहून दिले. सिंधमधून दिल्लीचा रस्ता माणसाला पन्नास दिवसांचा. कागदाला लागत पाच दिवस.

पन्नास दिवसांचे पाच कसे झाले, हे इब्न बतूताने बारकाईने पाहिले. डाक दोन प्रकारची होती. एक घोड्यांची. दर चार कोसांवर सुलतानाचे घोडे तयार असत, स्वार घोडा बदलून पुढे जाई. दुसरी पायी धावणाऱ्यांची, आणि नवल असे की तीच अधिक वेगवान होती. एका कोसाचे तीन भाग करून प्रत्येक भागावर एक वस्ती, वस्तीबाहेर तीन छत्र्या आणि त्यांत कंबर कसून बसलेली माणसे. प्रत्येकाजवळ दोन हात लांबीची काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याचे घुंगरू. एका हाताच्या बोटांत पत्र आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन हरकारा जीव तोडून धावत सुटे. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढच्या छत्रीतला माणूस उठून उभा राही, पत्र हातात घेई आणि धावू लागे. कोठेही थांबणे नाही, विचारपूस नाही. या ठाण्याला तो दावा असे नाव देतो. अरबी कानाने टिपलेला हा शब्द आपल्या धाव या शब्दाचाच भाऊ आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. मराठीतील टप्पा आणि टपाल हे शब्दही एकदा शेजारी ठेवून पाहा.

दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा मार्गही असाच बांधून काढलेला होता. दुतर्फा झाडे होती आणि माणूस बागेतून चालल्यासारखा चाले. कोसाला तीन ठाणी, ठाण्याशी बाजार असावा तशी सर्व सोय. कोस स्थूलमानाने तीन किलोमीटरचा धरला आणि हे वर्णन शब्दशः घेतले, तर दिल्लीपासून दौलताबादपर्यंत हजाराच्या आसपास ठाणी होतात. प्रत्येक ठाण्यावर रात्रंदिवस माणसे बसलेली. त्यांचा पगार, त्यांचे धान्य, आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा, हा सारा हिशेब कोणी तरी ठेवीत असणार. हे काम साधे नव्हे.

आणि या मार्गावरून जाई काय? हुकूम, खबरी आणि फौजेचे कागद तर जातच. पण खुरासानातील ताजी फळेही थाळ्यांत घालून याच धावपट्ट्यांच्या हातून सुलतानाकडे येत. मोठ्या अपराध्याला खाटेवर घालून, ती डोक्यावर घेऊन, याच रीतीने पळवत नेत. सुलतान दौलताबादेत असला म्हणजे त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून असेच आणले जाई. आपल्या मराठवाड्याच्या डोंगराखाली एक माणूस गंगेचे पाणी पीत होता आणि त्या पाण्यासाठी शेकडो माणसे धावत होती. त्या रस्त्याकाठच्या एखाद्या शेतकऱ्याला दिल्लीला गेलेल्या मुलाकडे चार ओळी धाडायच्या असत्या तर? इब्न बतूताच्या वर्णनात अशी सोय कोठेच दिसत नाही. डाक सुलतानाची होती.

ही व्यवस्था मुहम्मद तुघलकाने शून्यातून उभी केली असे मात्र समजू नका. त्याच्या आधी अलाउद्दीन खिलजीने दक्षिणेकडे फौजा पाठविल्या तेव्हा दिल्लीजवळच्या तिलपतपासून लष्कराच्या मुक्कामापर्यंत घोडे आणि धावपटू बसविले होते. बरनी या इतिहासकाराने त्याची एक गोष्ट नोंदली आहे. वरंगळच्या मोहिमेत मधली ठाणी तुटली आणि फौजेची खबर येईनाशी झाली. सुलतान इतका बेचैन झाला की त्याने हजरत निजामुद्दीन औलिया यांच्याकडे माणसे पाठवून फौजेची खुशाली विचारली. हजरतांनी फत्तेचा दिलासा दिला आणि त्याच दिवशी विजयाचे पत्र येऊन पोहोचले. बादशहालासुद्धा पत्राची वाट पाहताना झोप लागत नाही, एवढे यावरून दिसते.

दौलताबादचे नाव निघाले म्हणून दोन शब्द. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानीचा मान दिला आणि दिल्लीतील वजनदार मंडळींना, आलिमांना, सूफींना तिकडे हलविले. राज्याच्या मध्यावर राजधानी असावी असा हिशेब त्यामागे होता, असे बरनी सांगतो. इब्न बतूता दिल्लीत पोहोचला तो त्यानंतर काही वर्षांनी, त्यामुळे त्याची हकीकत ऐकीव आहे. पण ती टपालाच्या दृष्टीने मोठी मजेची आहे. दिल्लीचे लोक म्हणे सुलतानाला शिव्याशाप देणारी पत्रे लिहीत, सुलतानाखेरीज कोणी उघडू नये अशी शपथ वर घालून मोहोर लावीत आणि रात्रीच्या अंधारात ती दरबारात फेकून देत. सुलतानाने ती वाचली आणि चिडून शहर रिकामे करण्याचा हुकूम दिला. हे खरे की खोटे ते राहू द्या. ज्या राज्यात प्रजेचा कागद राजापर्यंत नेणारी वाट नसते तेथे कागद रात्रीच फेकावे लागतात, हे लोकांना पटण्यासारखे होते म्हणूनच ती गोष्ट चालली.

हलविलेल्या त्या लोकांत हजरत निजामुद्दीन यांचे शिष्य शेख बुरहानुद्दीन गरीब होते, कवी अमीर हसन सिजझी होते. दोघेही खुलदाबादच्या मातीत विसावले आहेत. राजधानी पुढे दिल्लीला परत गेली, पण ते गेले नाहीत. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणासाठी ज्यांची गावे उठली आणि जे पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात जाऊन राहिले, त्यांना सरकारी हुकमाने घर हलविणे म्हणजे काय हे पुस्तकात वाचायला नको. जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या पत्त्यावर कोण आणून देणार, ही चिंताही त्यातलीच एक.

दिल्लीत इब्न बतूताचे नशीब उघडले. सुलतान स्वतः विद्वान होता. तर्कशास्त्र, वैद्यक, सुलेखन यांत त्याची गती होती आणि परदेशी विद्वानांवर त्याचा लोभ होता. त्याने या मुसाफिराला मालिकी काझी नेमले, सालीना बारा हजार दिनार ठरविले, आणि देशी भाषा येत नाही म्हणून कामात मदतीला दोन माणसे दिली. दिल्लीत लोक त्याला मौलाना बद्रुद्दीन म्हणत. येथे मला स्पष्टच सांगितले पाहिजे की आपला चरित्रनायक संत नव्हता. त्याला बडेजाव आवडे, हात सैल होता. थोड्याच काळात त्याच्या डोक्यावर पंचावन्न हजार दिनारांचे कर्ज झाले आणि ते सुलतानाच्या खजिन्यातून फेडून घ्यायला त्याने कसिदे रचण्यापासून सर्व उपाय केले. प्रवासात जागोजागी त्याने लग्ने केली आणि बायकामुले मागे ठेवून तो पुढे गेला. पालकांनी आपल्या मुलांपुढे त्याची जिज्ञासा ठेवावी. संसार ठेवू नये.

सुलतानाची मर्जी जशी आली तशी गेलीही. शेख शिहाबुद्दीन नावाचे एक निस्पृह साधुपुरुष दिल्लीबाहेर गुहा खोदून राहत होते. सुलतानाचा त्यांच्यावर रोष झाला आणि त्यांना मृत्युदंड मिळाला. इब्न बतूता एकदा त्यांच्या भेटीला गेला होता. खबरनवीसांच्या राज्यात हे लपणार कसे? त्याच्यावर चार गुलामांचा पहारा बसला. अशा पहाऱ्यातून सहसा कोणी सुटत नसे. त्याने रोजे धरले, रात्रंदिवस जप केला, आणि सुटका झाल्यावर मालमत्ता वाटून टाकून एका शेखांच्या सेवेत फकिरीचा मार्ग धरला. ज्या डाकेने त्याच्या आगमनाची वर्दी पाच दिवसांत दिल्लीला दिली होती तिच्याच जातीच्या यंत्रणेने त्याच्या पायाखालची जमीन काढली. तो चकित झाला असे मात्र त्याने कोठे म्हटलेले नाही. राजाच्या कानांची लांबी त्याला सिंधूच्या काठीच कळली होती.

नंतर सुलतानाने त्याला पुन्हा बोलावले आणि चीनच्या बादशहाकडे आपला वकील म्हणून नेमले. जुलै १३४२ मध्ये तो नजराणा आणि लवाजमा घेऊन दिल्लीहून निघाला. कोल, म्हणजे आजचे अलीगढ, तेथे चकमक झाली आणि नजराण्याचा एक प्रमुख रक्षक मारला गेला. ही बातमी लगेच सुलतानाला धाडली आणि उत्तर येईपर्यंत सारा लवाजमा तेथेच थांबून राहिला. सुलतानाचा वकील असल्यामुळे आता डाकेवर त्याचाही हक्क होता, पण तो सुलतानाच्या कामापुरता. त्याच मुक्कामात तो शत्रूच्या हाती सापडला, कसाबसा निसटला आणि आठ दिवस उपाशीतापाशी भटकून सोबत्यांना मिळाला.

ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन असा मार्ग कापून तो दौलताबादला आला. शहर त्याला दिल्लीच्या तोडीचे वाटले. सुलतानाचा गुरू कुतलुघ खान तेथे सुभेदार होता. येथील लोकांना तो मरहट्टे म्हणतो. व्यापारी जवाहिरांचे, द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येणारी, गाणारांचा तरबाबाद नावाचा वेगळा बाजार, आणि किल्ल्याच्या तळघरात मांजराहून मोठे उंदीर. उंदरांच्या बाबतीत त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे तुमचे तुम्ही ठरवा. तेथून तो नंदुरबारला गेला. तेथील मराठी लोक कारागिरीत निपुण, वैद्यकीत आणि ज्योतिषात जाणते आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार, जेवणापूर्वी स्नान करतात, जिवांना दुखवीत नाहीत, दारू पीत नाहीत, असे त्याने लिहिले. साडेसहाशे वर्षांहून जुनी आपल्या महाराष्ट्राची ही नोंद एका मोरोक्कोच्या काझीने केली आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पुढचा मार्ग समुद्राचा. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळ झाले, जहाजे फुटली, चीनच्या बादशहाचा नजराणा समुद्रात गेला. नजराणा बुडवून दिल्लीला परत जाण्याची त्याची छाती झाली नाही. तो मालदीव बेटांत गेला आणि तेथे काझी झाला. मग लंका, बंगाल, सुमात्रा आणि चीन. १३४७ मध्ये तो परतीला लागला आणि १३४८ च्या आरंभी दमास्कसला पोहोचला.

वाचकहो, येथे थोडे थांबा.

दमास्कसमध्ये वीस वर्षांपूर्वी त्याने एक लग्न केले होते आणि पत्नीला गर्भवती अवस्थेत मागे ठेवले होते. मुलगा झाल्याची बातमी त्याला हिंदुस्तानात असताना कळली होती, आणि मुलाच्या आजोबांकडे त्याने चाळीस सोन्याचे दिनार पाठविलेही होते. या कामी सुलतानाची डाक त्याच्या उपयोगी पडणारी नव्हती. ती दिल्लीच्या हद्दीबाहेर जात नव्हती. एखादा यात्रेकरू, एखादा व्यापारी यांच्या हातांतून हातांत असेच ते गेले असणार. आता दमास्कसच्या मशिदीत पाऊल ठेवताच त्याने पहिला प्रश्न त्या मुलाविषयी केला. मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला होता.

टँजियरचे एक आलिम तेथील जाहिरिया मदरशात उतरले असल्याचे त्याला कळले. तो धावत त्यांच्याकडे गेला आणि आईवडिलांची चौकशी केली. वडील पंधरा वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले होते. आई हयात होती.

पंधरा वर्षे मागे मोजून पाहा. हिजरी सालाप्रमाणे तो काळ त्याने सिंधू ओलांडली त्याच सुमाराचा येतो. त्याचा चेहरामोहरा, त्याचे कपडे आणि त्याचे घोडे लिहिलेला कागद पाच दिवसांत मुलतानकडून दिल्लीला पळत होता, साधारण त्याच दिवसांत टँजियरला त्याच्या वडिलांचे जनाजे उठत होते. ती बातमी त्याच्यापर्यंत यायला पंधरा वर्षे लागली, आणि आली तीही तो स्वतः दमास्कसपर्यंत चालत आला म्हणून.

आई हयात आहे हे कळूनही तो लगेच घरी जाऊ शकला नाही. ते वर्ष महामारीचे होते. प्लेगने सीरिया आणि इजिप्त ओस पडत होते. दमास्कसमध्ये लोकांनी तीन दिवस रोजे धरले आणि मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तोरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन, बायकामुलांसह अनवाणी एकत्र दुवा मागायला बाहेर पडले. ते दृश्य त्याने पाहिले. पुढे आणखी एक हज करून तो मोरोक्कोकडे वळला. १३४९ मध्ये ताझा या गावी, घर काही दिवसांच्या वाटेवर राहिले असताना, त्याला आई प्लेगने गेल्याचे समजले. टँजियरला जाऊन त्याने तिच्या कबरीचे दर्शन घेतले.

यानंतर तो घरी बसला असेल असे तुम्हाला वाटेल. नाही. तो स्पेनमध्ये ग्रॅनाडापर्यंत गेला, आणि १३५२ मध्ये सहारा वाळवंट ओलांडून माली राज्यात शिरला. परतीच्या वाटेवर, १३५३ मध्ये, वाळवंटातील तकद्दा या गावी त्याच्या हाती एक हुकूम पडला. मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याने त्याला ताबडतोब फेझला बोलाविले होते. सहाराच्या मध्यावर सुलतानाचा निरोप त्याला बरोबर शोधून काढू शकला. या गोष्टीवर त्याने स्वतः काही भाष्य केलेले नाही. हुकमाला मान देऊन तो निघाला, एवढेच सांगितले आहे.

फेझ येथे सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपली सारी भ्रमंती इब्न जुझय्य नावाच्या ग्रॅनाडाच्या लेखकाला सांगितली आणि डिसेंबर १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. समुद्रात लुटारूंनी गाठले तेव्हा काही टिपणेही गेली होती, त्यामुळे बरेच काही आठवणीवरून सांगावे लागले. तारखा आणि मार्ग यांत चुका आहेत, काही वर्णने दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आलेली आहेत. फेझच्या दरबारी मंडळींना हिंदुस्तानच्या सुलतानाच्या गोष्टी थापा वाटल्या, हे इब्न खल्दून या थोर इतिहासकाराने नमूद केले आहे. पण डाकेची गोष्ट थाप नव्हती. अलाउद्दीनच्या काळची अशीच व्यवस्था बरनीनेही लिहून ठेवली आहे. शेवटची वर्षे इब्न बतूताने मोरोक्कोतच एका गावी काझीपदावर काढली आणि १३६८-६९ च्या सुमारास तो वारला.

त्याने पाहिलेली डाक पुढेही राजांचीच राहिली. शेरशाहने १५४० ते १५४५ या पाच वर्षांच्या राजवटीत सतराशे सराया बांधल्या आणि प्रत्येक सराईत खबरीसाठी दोन घोडे ठेवले, असे अब्बासखान सरवानी सांगतो. सराईत मुसाफिराला, हिंदू असो वा मुसलमान, अन्नपाणी मिळे, पण घोडे बादशहाचे. अकबराने मेवातचे मेवडे नोकरीस ठेवले, ते धावण्यात आणि हेरगिरीत सारखेच तरबेज होते. जहांगीरने मांडूहून बुऱ्हाणपूरला कबुतरांकरवी निरोप नेऊन पाहिले. औरंगजेब १६८१ नंतर दक्षिणेत उतरला तो १७०७ मध्ये अहमदनगरला मरण पावेपर्यंत उत्तरेला परत गेला नाही. तितकी वर्षे काबूलपासून बंगालपर्यंतचा कारभार आपल्या मुलखातील तंबूंतून डाकचौकीच्या बळावर चालला. बांबूच्या नळीत बंद केलेले कागद वाटेत कोणी उघडायचे नाहीत, डाकेच्या दरोग्याने ते थेट बादशहापुढे ठेवायचे. सावकार आणि व्यापारी आपापले कासीद बाळगीत, पेशव्यांचे आणि सरदारांचे जासूद असत. गरिबाला गावाकडे निघालेला माणूस शोधावा लागे.

१७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनीची डाक पैसे घेऊन सर्वांसाठी खुली केली. दर अंतराप्रमाणे, शंभर मैलांना दोन आणे, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेर. १८३७ च्या कायद्याने तर कंपनीच्या मुलखात पत्रे नेण्याचा हक्क एकट्या सरकारकडे गेला आणि खासगी कासिदांचा धंदा बेकायदा ठरला. इब्न बतूताचा अरबी ग्रंथ फ्रेंच भाषांतरासह पॅरिसमध्ये १८५३ ते १८५८ या काळात छापला जात होता. नेमक्या त्याच काळात, १८५४ मध्ये, हिंदुस्तानात अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात. त्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि आपला भंडारा कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. रेल्वे अजून या बाजूला यायची होती. रानातून पत्रांची थैली नेणारा हरकारा पायीच धावत होता, आणि त्याच्या काठीला घुंगरू होते.